पुस्तक कोणाच्या खर्चाने?

यवतमाळ जिल्ह्यातली भांबराजा आणि अंतरगाव ही दोन गावं २८ ऑगस्ट २०११ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त पानभर झळकली. बीटी, म्हणजे जनुकसंस्कारित, कापसाने तिथल्या शेतकऱ्यांच्या घरात सुबत्ता आणली, या दोन गावांत एकाही शेतकऱ्याने आत्महत्या केलेली नाही, असा तो मजकूर होता. मजकूर नवा नव्हता. ३१ ऑक्टोबर २००८ला तोच नागपूर आवृत्तीत बातमी म्हणून येऊन गेला होता. यवतमाळचा दौरा महिको-मोन्सॅन्टो बायोटेक या बियाणं कंपनीने घडवून आणला, अशी बारीक टाइपातली ओळ तेव्हा पानाच्या तळाशी होती. तीन वर्षांनी पान पुन्हा छापलं गेलं तेव्हा त्यावर 'कन्झ्युमर कनेक्ट इनिशिएटिव्ह' अशी तितकीच बारीक पट्टी आली. दुसऱ्याच दिवसापासून त्या वृत्तपत्रात कंपनीच्या जाहिराती सुरू झाल्या. जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरणाचं विधेयक त्याच महिन्यात संसदेत मांडायचं राहून गेलं होतं.

मार्च २०१२मध्ये संसदेची कृषी स्थायी समिती भांबराजात आली. बासुदेव आचार्य समितीचे अध्यक्ष होते. आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत, असं गावकऱ्यांनी समितीला सांगितलं. बीटीचं पीक घेऊन हात पोळलेली बरीच कुटुंबं तोवर सोयाबीनकडे वळली होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये मे २०१२ला हे सगळं प्रकरण मांडलं. त्यांच्या वृत्तपत्राने चौदांपैकी नऊ आत्महत्यांची पडताळणी केली होती आणि त्या २००३ ते २००९ या काळातल्या होत्या. कंपनीचं म्हणणं असं होतं की २००८चा मजकूर वार्ताहरांचाच होता, कंपनीने फक्त प्रवासाची सोय केली. २०११चं पान हे त्याच मजकुराचं, एक शब्दही न बदलता केलेलं, मार्केटिंगसाठीचं पुनर्मुद्रण होतं.

या प्रकरणाची चर्चा तेव्हा 'पेड न्यूज'च्या अंगाने झाली आणि तिथेच थांबली; पुस्तकांपर्यंत ती पोचली नाही. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. पुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वीस-पंचवीस वर्षं मुक्काम ठोकतं. त्यातला मजकूर प्रबंधात जातो, प्रबंधातून दुसऱ्या पुस्तकात, तिथून अभ्यासक्रमात. तरीही वर्तमानपत्राच्या पानावर निदान वाचता न येणारी का होईना, एक पट्टी असते. शैक्षणिक पुस्तकात तीही नसते. छपाईचा खर्च कोणी केला, किती प्रती आधीच कोणी उचलल्या, लेखक कोणत्या समितीवर आहे, हस्तलिखित छापण्याजोगं आहे हे कोणी ठरवलं, यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मराठी शैक्षणिक पुस्तकाच्या पहिल्या आठ-दहा पानांत सहसा सापडत नाही. सापडतं ते 'ऋणनिर्देश' नावाचं प्रकरण. त्यात मातोश्रींपासून अक्षरजुळणी करणाऱ्यापर्यंत सर्वांचे आभार असतात आणि हिशेब कोणाचाच नसतो.

हितसंबंध असणं हा गुन्हा नव्हे, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. कापसावर संशोधन करणाऱ्या माणसाचा कापसाशी संबंध येणारच. बियाणं कंपनी चाचण्या करणार, विद्यापीठ त्यांत भाग घेणार, प्राध्यापक सल्लागार होणार. प्रश्न येतो तो एकाच माणसाच्या दोन टोप्यांचा. एक टोपी घालून तो ज्याची तरफदारी करतो, त्याचाच न्यायनिवाडा दुसरी टोपी घालून करतो, आणि पाहणाऱ्याला एकच टोपी दिसते.

यवतमाळच्या शेतकऱ्याला हा हिशेब पुस्तकवाल्यांपेक्षा चांगला कळतो. पऱ्हाटीवर अळी दिसली की तो कृषी सेवा केंद्रात जातो आणि काय फवारायचं ते दुकानदाराला विचारतो. दुकानदाराला विक्रीवर मार्जिन आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो घासाघीस करतो, शेजाऱ्याला विचारतो, दुसऱ्या दुकानात चौकशी करतो. हे शहाणपण नेहमी पुरतंच असं नाही. २०१७च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. तरी दुकानदाराचा स्वार्थ निदान गल्ल्यावर उघड बसलेला असतो. विद्यापीठाचं नाव आणि पुठ्ठ्याची बांधणी असलेल्या ग्रंथात तो दिसत नाही, आणि ग्रंथाशी कोणी घासाघीस करत नाही.

नियतकालिकांच्या जगाला ही अडचण फार पूर्वी कळली. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने १९८४मध्ये, अर्नोल्ड रेल्मन संपादक असताना, लेखकांनी आपले आर्थिक संबंध सांगावेत असा नियम केला. पुढे वैद्यकातल्या बहुतेक नामांकित नियतकालिकांनी तो उचलला. आज शोधनिबंधाच्या शेवटी हितसंबंधांचं निवेदन नसेल तर लेख परत येतो. या निवेदनांचा उपयोग काय, हे बीटी पिकांच्या बाबतीतच दिसून आलं. २०१६मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी बीटी पिकांची परिणामकारकता आणि टिकाऊपणा यांवरचे ६७२ शोधनिबंध तपासून 'प्लॉस वन'मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे ४० टक्के निबंधांत बियाणं उद्योगाशी आर्थिक संबंध होता, आणि अशा निबंधांत उद्योगाला अनुकूल निष्कर्ष येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त होतं. हे मोजता आलं कारण लेखक कुठे नोकरीला आहे आणि पैसा कोणाचा आहे, हे निबंधावर छापलेलं होतं. पुस्तकांवर असा अभ्यास करायचा म्हटलं तर नुसत्या पुस्तकांतून संशोधकाच्या हाती काहीच लागणार नाही.

उघडपणाचा फायदा लेखकालाही होतो. मातिन काइम आणि डेव्हिड झिल्बरमन यांचा निबंध २००३मध्ये 'सायन्स'ने छापला. भारतात बीटी कापसाचं उत्पादन साध्या कापसापेक्षा ८० टक्क्यांनी जास्त भरलं, असा त्यात दावा होता. आकडे १५७ शेतांवरच्या चाचण्यांचे होते आणि चाचण्या जालन्याच्या महिकोने घेतलेल्या होत्या. टीकाकार त्यावर तुटून पडले, पण हवेत वार करण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. आकडे कुठून आले हे त्यांना माहीत होतं. पुढे २०१२मध्ये काइम यांनीच योनास कथागे यांच्यासह, शेतकऱ्यांच्या स्वतंत्र पाहणीवरून, एकरी उत्पादनात २४ टक्के आणि नफ्यात ५० टक्के वाढ दाखवली. २०२०मध्ये नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी 'नेचर प्लांट्स'मध्ये वीस वर्षांची आकडेवारी मांडून वेगळंच सांगितलं: उत्पादन वाढीचं श्रेय मुख्यतः खतांकडे जातं, आणि गुलाबी बोंडअळी बीटीला सरावल्यामुळे फवारणीचा खर्च पुन्हा वर गेला आहे. यांत बरोबर कोण, हा वाद अजून चालू आहे. पण ८० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आणि तिथून पुढच्या शंकांपर्यंत येण्याची वाट प्रत्येकाने आपले आकडे आणि पैसा कुठला ते सांगितल्यामुळे मोकळी राहिली.

आता ग्रंथांकडे वळू. वैद्यकाचा विद्यार्थी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला असो की बोस्टनमधला, 'हॅरिसन' या नावाचा दबदबा दोघांनाही सारखाच असतो. अंतर्गत वैद्यकाचा हा ग्रंथ म्हणजे त्या विषयातला शेवटचा शब्द, अशी त्याची ख्याती आहे. ब्रायन पायपर आणि सहकाऱ्यांनी वैद्यक, औषधनिर्माण आणि दंतवैद्यक यांच्या प्रमुख पाठ्यपुस्तकांचे लेखक तपासले आणि २०१८मध्ये निष्कर्ष छापले. अमेरिकेत औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या पैशांच्या नोंदी जाहीर होतात, म्हणून हे शक्य झालं. २००९ ते २०१३ या काळात 'हॅरिसन'च्या लेखकांना औषध उद्योगाकडून १ कोटी १० लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली होती. एकाच लेखकाला मिळालेली सर्वांत मोठी रक्कम ८ लाख ६९ हजार डॉलरच्या घरात होती. ग्रंथात याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. त्यांपैकी कोणी पैसे घेऊन चुकीचं लिहिलं, असं पायपर यांनी म्हटलेलं नाही. तेच तज्ज्ञ नियतकालिकात निबंध लिहिताना हे संबंध मुकाट्याने नोंदवतात आणि ग्रंथात नोंदवत नाहीत, एवढंच त्यातून उघड होतं. माणसं तीच, पैसे तेच. फरक फक्त विचारणाऱ्याचा.

न विचारल्याने काय होतं, त्याचा एक नमुना भारतीय विज्ञानाच्या अगदी वरच्या मजल्यावर घडला. बीटी वांग्याला स्थगिती द्यावी की नाही यासाठी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशभर जनसुनावण्या घेतल्या. त्यांतली एक जानेवारी २०१०मध्ये नागपुरात झाली. फेब्रुवारीत स्थगिती जाहीर झाली, आणि रमेश यांनी देशातल्या सहा विज्ञान अकादमींकडे जनुकसंस्कारित पिकांवर अहवाल मागितला. सप्टेंबरमध्ये अहवाल आला. काही दिवसांतच लक्षात आलं की बीटी वांग्यावरचा त्यातला मजकूर 'बायोटेक न्यूज' या सरकारी वार्तापत्रातल्या लेखातून ओळीच्या ओळी उचलून आणलेला आहे. तो लेख आनंद कुमार यांचा होता, आणि ते स्वतः बीटी पिकं विकसित करणारे शास्त्रज्ञ होते. त्या लेखातला काही भाग जनुकसंस्कारित पिकांचा पुरस्कार करणाऱ्या 'आयसा' या संस्थेच्या प्रकाशनातून आलेला होता. म्हणजे ज्या तंत्रज्ञानाचा निवाडा करायचा, त्याच्याच पुरस्कर्त्याचं म्हणणं दोन हातांतून फिरून सहा अकादमींच्या शिक्क्याने बाहेर पडलं. ओरड झाल्यावर डिसेंबरात सुधारित अहवाल आला. बोट ठेवलं गेलं ते चोरीवर. वास्तविक अवतरणचिन्हं घालून, आनंद कुमार यांचं नाव देऊन तोच मजकूर छापला असता तरी मूळ दुखणं होतं तिथेच राहिलं असतं.

मराठी शैक्षणिक पुस्तकांच्या बाजारात औषध कंपन्या नाहीत आणि लाखो डॉलरही नाहीत. इथला हितसंबंध छोट्या रकमेचा आणि मोठ्या बढतीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या कामाला गुण देण्याची 'एपीआय' पद्धत आणली. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला ५० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाच्या २५, आणि आयएसबीएन असलेल्या स्थानिक प्रकाशकाच्या पुस्तकाला १५. २०१८च्या नियमावलीने आकडे खाली आणले: आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२, राष्ट्रीय प्रकाशकाच्या १०, संपादित ग्रंथातल्या एका प्रकरणाला ५. आकडे बदलले तरी बढतीच्या, म्हणजे स्थाननिश्चितीच्या, फाइलमध्ये पुस्तकाला भाव राहिला, आणि दर्जा ठरवणाऱ्या 'नॅक'च्या मूल्यांकनात महाविद्यालयालाही शिक्षकांची पुस्तकं आणि प्रकरणं मोजून दाखवावी लागली.

यातून प्रकाशकाचं गिऱ्हाईकच बदललं. पूर्वी पुस्तक वाचकाने घ्यावं म्हणून प्रकाशक लेखकाची निवड करायचा. चुकली तर गोदामात थप्पी त्याच्याच पडायची. आता पुस्तकाचे पैसे लेखकच देतो. शंभर-दोनशे प्रती, मुखपृष्ठ, आयएसबीएन, असं ठरलेलं पॅकेज असतं आणि छपाईच्या आधीच प्रकाशकाचा नफा गाठीला लागतो. अशा प्रकाशकाने हस्तलिखित नाकारावं असं त्याला वाटण्याचं काहीच कारण उरत नाही. चर्चासत्रांच्या संपादित ग्रंथांची तऱ्हाही हीच. नोंदणी शुल्क भरलं की शोधनिबंध ग्रंथात येणार हे गृहीत असतं. ज्याने शुल्क घेतलं तोच संपादक, तोच परीक्षक, आणि संपादनाचे गुणही त्याच्याच खात्यात.

आयएसबीएनचा तर भलताच महिमा झाला आहे. भारतात हा तेरा आकडी क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था विनाशुल्क देते. पुस्तक ओळखता यावं, मागवता यावं, एवढंच त्याचं काम. आत काय लिहिलंय, हे क्रमांक देणारा कधी पाहत नाही. पण फाइल तपासणाऱ्या समितीला दुसरी कुठलीच खूण हाताशी नसल्याने तो क्रमांक म्हणजे जणू सरकारी मान्यता ठरली. नियतकालिकांच्या बाबतीत अशीच फसगत झाल्यावर निदान कोणीतरी मोजदाद केली. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या यादीत शिरलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेली ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असू शकतात. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांवर नावं यादीतून काढली आणि पुढे 'केअर' यादी आली. ती यादीही फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली आणि दर्जा ठरवण्याची जबाबदारी आता संस्थांवर आली. पुस्तकांच्या वाट्याला अशी झाडाझडती कधी आलीच नाही.

हितसंबंधांचं दुसरं ठिकाण अभ्यास मंडळांचं. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या अखत्यारीत अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे येतात. एखाद्या विषयाच्या संदर्भग्रंथांच्या यादीत पुस्तक आलं की या पाचही जिल्ह्यांतल्या ग्रंथालयांची मागणी ठरलेली. यादी अभ्यास मंडळ करतं, आणि मंडळावर प्राध्यापक असतात, जे पुस्तकंही लिहितात. मंडळावरच्या माणसाचं पुस्तक यादीत आलं तर त्यात काही काळंबेरं असलंच पाहिजे असं नाही. कापूस अर्थकारणावर किंवा वऱ्हाडी बोलीवर मराठीत एकच बरं पुस्तक असेल आणि ते मंडळाच्या सदस्यानेच लिहिलेलं असेल, तर विद्यार्थ्यांना त्यापासून वंचित ठेवणं हा वेडेपणा होईल. पण ते यादीत घ्यायचं की नाही, याची चर्चा लेखक समोर चहा घेत असताना होत असेल तर 'हे पुस्तक बरोबर नाही' असं म्हणायची कोणाची छाती होणार?

मराठीत हा प्रश्न नवाही नाही. पेशव्यांच्या काळापासूनच्या दक्षिणेच्या निधीतला काही भाग मराठी पुस्तकांना उत्तेजन देण्यासाठी वापरायचं इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ठरवलं आणि दक्षिणा प्राइझ कमिटी नेमली. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी तिच्याकडे 'तृतीय रत्न' हे नाटक दिलं. नाटकाचा विषय होता कुणबी कुटुंबाला धर्माच्या नावाखाली नागवणारा जोशी. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं चाललं नाही आणि नाटक नापसंत झालं, असं फुल्यांनी १८७३च्या 'गुलामगिरी'त लिहून ठेवलं. नाटक छापील स्वरूपात वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडलं. कमिटीने पुस्तकाचे दोष दाखवले असते तर निदान वाद घालता आला असता. पण ज्यांच्यावर नाटकाचा रोख होता त्यांच्यापैकी काही जणच परीक्षकांच्या खुर्च्यांवर होते. कोणाचाही लाचेशी संबंध नव्हता. कमिटी रीतसर नेमलेली होती, निधी सरकारी होता आणि ठराव सरळ मार्गाने झाला. हितसंबंध पैशापुरता मोजायची सवय लागलेल्यांना हे उदाहरण अडचणीचं आहे. जात, पंथ, गुरुपरंपरा, पक्ष यांचे हितसंबंध कुठल्याच पावतीवर दिसत नाहीत.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. मराठीचं विद्याक्षेत्र लहान आहे. एखाद्या विषयाचे जाणकार मोजून आठ-दहा. त्यांतला एक लेखकाचा मार्गदर्शक, दुसरा सहाध्यायी, तिसऱ्याशी अबोला, चौथा नात्यातला. सगळ्यांना संबंधांच्या कारणाने बाद करायचं तर हस्तलिखित वाचायला कोणी उरणारच नाही. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जिथे संबंध टाळता येतात तिथे बंदी घालून भागतं. जिथे टाळता येत नाहीत तिथे ते सांगावेच लागतात, नाहीतर ओळखीचं जाळं हाच पुस्तकाचा दर्जा ठरवणारा एकमेव घटक होऊन बसतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: नुसतं सांगून काय होणार? डेलियन केन, जॉर्ज लोवेन्स्टीन आणि डॉन मूर यांनी २००५मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना दुरूनच दाखवलेल्या बरणीतल्या नाण्यांची किंमत ओळखायची होती. बरणी जवळून पाहिलेले दुसरे लोक त्यांना सल्ला देणार होते. ज्या सल्लागारांना किंमत फुगवून सांगितल्यावर जास्त पैसे मिळणार होते, त्यांनी ती फुगवलीच. पण हा स्वार्थ आधी उघड करायला लावल्यावर त्यांनी ती आणखी फुगवली. एकदा सांगून टाकलं की आपण मोकळे, असंच जणू. ऐकणाऱ्यांनीही त्यांचा सल्ला जेवढा वजा करायला हवा होता तेवढा केला नाही. यवतमाळच्या २००८च्या पानावरही दौऱ्याबद्दलची ओळ होतीच की. त्या ओळीने मजकुरातला एकही शब्द जागचा हलला नाही.

म्हणून सांगणं आणि बाजूला होणं, ही दोन कामं वेगळी धरावी लागतात आणि दोन्ही करावी लागतात.

सांगण्याचं काम फारसं अवघड नाही. श्रेयनामावलीच्या पानावर, किंमत आणि मुद्रकाच्या नावाखाली, चार-पाच ओळी पुरतात: 'या ग्रंथाच्या पाचशे प्रतींपैकी दोनशे प्रती लेखकाच्या संस्थेने छपाईआधी विकत घेतल्या आहेत. लेखक या विषयाच्या विद्यापीठीय अभ्यास मंडळाचे सदस्य आहेत. तिसऱ्या प्रकरणातली पाहणी एका बियाणं कंपनीच्या अनुदानातून झाली. कंपनीने मसुदा पाहिलेला नाही. हस्तलिखित दोन अभ्यासकांनी वाचलं. त्यांपैकी एक लेखकाचे माजी विद्यार्थी आहेत. प्रकरणलेखकांकडून शुल्क घेतलेलं नाही.' असं पुस्तक हातात घेणाऱ्या ग्रंथपालाला, परीक्षकाला आणि स्थाननिश्चिती समितीला आयएसबीएनपेक्षा कितीतरी जास्त कळेल. लिहिणाऱ्याची बेअब्रूही होणार नाही. उलट, या ओळी लिहायला जो कचरेल त्याच्याबद्दल मात्र शंका घ्यायला जागा राहील.

बाजूला होण्याचं काम संस्थांना करावं लागेल. अभ्यास मंडळाच्या बैठकीत सदस्याचं पुस्तक चर्चेला आलं की त्याने खोलीबाहेर जावं आणि तसं इतिवृत्तात लिहिलं जावं. ग्रामपंचायतीत आणि सहकारी बँकांत जे अपेक्षित आहे ते विद्यापीठात जड जाऊ नये. संपादित ग्रंथात संपादकाचं स्वतःचं प्रकरण असेल तर ते दुसऱ्या कोणीतरी वाचून मंजूर करावं. शुल्क घेणाऱ्याने निवड करू नये आणि निवड करणाऱ्याने शुल्काला हात लावू नये. जिल्ह्याबाहेरचा, शक्य तर राज्याबाहेरचा मराठी जाणणारा एक वाचक प्रत्येक हस्तलिखिताला मिळावा. बडोदा, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, पणजी इथे असे अभ्यासक आहेत, आणि पीडीएफच्या काळात त्यांच्यापर्यंत पोचायला टपालखर्चही लागत नाही. स्थाननिश्चिती समितीने प्रकाशक राष्ट्रीय की स्थानिक याच्या काथ्याकुटात वेळ घालवण्याऐवजी हस्तलिखित कोणी वाचलं, त्याचा अभिप्राय कुठे आहे, तो दाखवा, असं विचारावं. अभिप्राय नसेल तर गुणही नसावेत.

याला खर्च येतो आणि तो कोणाच्या माथी मारायचा हा प्रश्न राहतोच. वाचणाऱ्याला मानधन द्यायचं तर छोट्या प्रकाशकाला ते परवडत नाही. लेखकाने द्यायचं तर पुन्हा पहिलाच पेच. यावर वाट एकच दिसते: परीक्षणाचे पैसे विद्यापीठाने द्यावेत आणि परीक्षकाचं नाव प्रकाशकाला, लेखकाला न कळता विद्यापीठानेच ठरवावं. पाच जिल्ह्यांतून वर्षाला जितकी पुस्तकं गुणांसाठी येतात, तितकी सगळी वाचून घेणं झेपणार नाही हे खरं. पण सगळी वाचायची गरजही नाही. दहातलं एक पुस्तक चिठ्ठी टाकून काढलं आणि खोलात जाऊन वाचलं, तरी पैसे भरून पुस्तक काढणाऱ्याला आपली पाळी येऊ शकते हे कळेल.

हे सगळं आत्ता करण्याचं एक व्यावहारिक कारण आहे. जुलै २०२४मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'अस्मिता' प्रकल्प जाहीर केला: पाच वर्षांत २२ भारतीय भाषांत मिळून २२ हजार उच्च शिक्षणाची पुस्तकं. २०२५च्या अर्थसंकल्पात भारतीय भाषांतल्या डिजिटल पाठ्यपुस्तकांसाठी वेगळी योजना आली. मराठीच्या वाट्याला येणाऱ्या पुस्तकांसाठी लेखक निवडले जातील, अनुवादक नेमले जातील, परीक्षकांच्या याद्या होतील, आणि हे बरंचसं काम त्याच आठ-दहा जाणकारांकडून करून घेतलं जाईल. कृषी अर्थशास्त्राचं मराठी पाठ्यपुस्तक लिहिणारा कोणत्या कंपनीचा सल्लागार आहे, ते तपासणाऱ्याचं स्वतःचं पुस्तक त्याच विषयात बाजारात आहे का, अनुवादाचं काम कोणाच्या विद्यार्थ्याला मिळालं, हे प्रश्न लेखकांच्या याद्या कागदावर उतरत असताना विचारले तर उत्तरं मिळतील. पुस्तक छापून अभ्यासक्रमात लागल्यावर ते मागे घ्यायला कोणताच कुलगुरू तयार होत नाही. अमरावती, नागपूर, पुणे आणि नांदेडच्या विद्यापीठांनी एकत्र बसून निवेदनाचा एक नमुना ठरवला आणि 'अस्मिता'च्या प्रत्येक मराठी पुस्तकाला तो सक्तीचा केला, तर खासगी प्रकाशकांनाही हळूहळू तो छापावाच लागेल, कारण त्या निवेदनाशिवायचं पुस्तक ग्रंथपाल मागवताना एकदा तरी थबकेल.